वाफसा

आमच्या घरी बाहेरच्या खोलीत एक फ्रेम होती. काळ्या मखमलीवर सोनेरी जरीने भरलेलं वचन, बायबलातल्या गलतीकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायातलं नववं. चांगलं करत राहा, कंटाळू नका, वेळ झाली की पीक हाती येईल, असा त्याचा सरळ अर्थ. फ्रेमच्या मागे विजेची बिलं खोचलेली असत. त्यामुळे महिन्यातून एकदा तरी कुणी ना कुणी ती पुढे ओढी आणि वचन तिरकं होई. लहानपणी मला ते शाळेच्या फळ्यावरच्या सुविचारासारखं वाटे. खरं असेल, पण आपल्याला उद्देशून नाही.

बऱ्याच वर्षांनी ते पत्र मी एका बैठकीत पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. सहाच अध्याय आहेत, सावकाश वाचले तरी अर्धा तास पुरतो. तेव्हा लक्षात आलं, मखमलीवरचं ते वाक्य निवांत बसून सांगितलेलं नाहीच. सांगणारा चिडलेला आहे, दुखावलेला आहे आणि स्वतः पुरता दमलेला आहे.

प्रेषित पौलाने हे पत्र पाठवलं इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्याच्या सुमारास. गलतिया म्हणजे आजच्या तुर्कस्तानचा मधला, पठारी भाग. अंकारा त्याच मुलखात येतं. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात युरोपातून आलेल्या केल्ट टोळ्या तिथे वसल्या, त्यांच्यावरून हे नाव पडलं. पौलाने तिथे मंडळ्या उभ्या केल्या आणि तो पुढच्या गावाला गेला. मागून दुसरे उपदेशक आले. नुसत्या विश्वासाने भागत नाही, सुंता करून घ्या, नियमशास्त्र पाळा, असं त्यांनी लोकांच्या मनात भरवलं. लोक डळमळले. बातमी पौलापर्यंत पोचली आणि त्याने लेखनिकाला बोलावलं असावं. त्याच्या बहुतेक पत्रांत सुरुवातीला आभाराचे चार शब्द असतात. इथे एकही नाही. तिसऱ्या अध्यायाच्या तोंडाशी तो वाचकांना सरळ बेअक्कल ठरवतो. चौथ्यात म्हणतो, तुमच्यासाठी घेतलेले कष्ट पाण्यात गेले की काय अशी धास्ती वाटते. थोडं पुढे तो स्वतःला दुसऱ्यांदा वेणा सोसणाऱ्या बाईच्या जागी ठेवतो. पेरलेलं वाया गेलं असं ज्याला मनातून वाटतंय, तोच माणूस दोन अध्यायांनी पेरणीवर बोलायला उभा राहतो. हे ध्यानात ठेवून वाचलं की नवव्या वचनाचा आवाज बदलतो.

ते वचन सहाव्यापासून वाचावं, हा माझा आग्रह. कारण पेरणीचा विषय निघतो तो तिथे, आणि निघतो चक्क पोटापाण्यावरून. जो शिकतो त्याने शिकवणाऱ्याला आपल्या चांगल्याचुंगल्यात वाटा द्यावा, असं पौल सांगतो. भाष्य वाचताना इथे अनेकांची थोडी अडचण झालेली दिसते. एवढा उंच विचार चाललेला, त्यात मध्येच मास्तरांच्या पगाराचं काय? मराठी वाचकाला मात्र यात नवल वाटायचं कारण नाही. सुताराचं, लोहाराचं बलुतं आपल्याकडे खळ्यावरच दिलं जायचं. रास झाली की आधी त्यांचं माप, मग उरलेलं धान्य घरात. वर्षभराच्या कामाचा हिशेब सुगीतच चुकता व्हायचा. पौलही खळं आणि अध्यात्म यांच्यामध्ये बांध घालत नाही. शिकवणाऱ्याच्या ताटात पडणारी भाकरी ही त्याच्या लेखी पेरणीच. फ्रेम करणाऱ्याला हे वचन सुचलं नसतं, हे उघड आहे.

सातव्या वचनात एक शब्द आहे, त्याने मला फार सुख दिलं. देवाशी अशी थट्टा चालत नाही हे सांगताना पौल जे ग्रीक क्रियापद योजतो, 'मुक्तेरिझो', त्याच्या पोटात 'मुक्तेर' म्हणजे नाक बसलेलं आहे. नाक वर करून एखाद्याला हिणवणं, असा त्याचा मूळ हावभाव. आपल्या प्रचलित बायबलात इथे 'उपहास' हा शब्द आहे. अर्थ चोख, शब्द भारदस्त, पण नाक मात्र कापलं गेलं. आणि तेही कुठे, तर 'नाक मुरडणे' रोजच्या बोलण्यात असणाऱ्या भाषेत! पौलाच्या मनातलं चित्र असं आहे: शेतात काही टाकलंच नाही, आणि गडी बांधावर उभा राहून पिकाची वाट बघतोय. वरून शेत देणाऱ्याकडे पाहून नाक मुरडतोय.

पेरावं तसं उगवतं, ही म्हण काही पौलाची नव्हे. ज्यू शास्त्रांत तिची रूपं आहेत, ग्रीकांच्या बोलण्यात होती, आपल्या बोलण्यात आहेच. पौल ती सगळ्यांना ठाऊक म्हणूनच उचलतो आणि पुढच्याच वाक्यात, आवाज न करता, तिला वळवतो. सातव्या वचनापर्यंत प्रश्न बियाण्याचा आहे: काय पेरलंत? आठव्यात तो जमिनीचा होतो: कशात पेरलंत? एक जण देहस्वभावात पेरतो, दुसरा आत्म्यात. बियाणी दोन नाहीत, वावरं दोन आहेत. आपल्या भाषांतरात 'साठी' येतं आणि वावर नजरेआड होतं. याहून बारीक गोष्ट अशी, की देहस्वभावाला पौल 'स्वतःच्या' हा शब्द जोडतो. आत्म्याला जोडत नाही. एक वावर आपल्या सातबाऱ्यावर आहे, दुसरं नाही. आपल्या नावच्या जमिनीत पेरण्याची ओढ कुणाला नसते? पौल म्हणतो, तिथे जे येईल ते 'फ्थोरा'. याला आपण 'नाश' म्हणतो. नाश म्हटलं की पूर, आग डोळ्यांपुढे येतात. 'फ्थोरा' मात्र कुजण्याकडे झुकणारा शब्द आहे. पेवात पाणी शिरून काळी पडलेली ज्वारी ज्याने कधी उपसली असेल, त्याला या शब्दाचा वाससुद्धा येईल.

खरं तर शेती हा पौलाचा प्रांत नव्हे. तो तंबू बनवणारा, शहरांतून हिंडणारा माणूस. रोमकरांस पत्रात तो जैतुनाच्या कलमाची उपमा घेतो आणि रानटी झाडाची फांदी गावठी झाडावर बांधतो. माळी बहुधा याच्या उलट करतात. हे निसर्गाच्या विरुद्ध आहे, असं त्याने तिथे स्वतःच म्हणून ठेवलंय, म्हणून सोडून देऊ. मार्काच्या शुभवर्तमानात येशू बी पेरणाऱ्याचा दाखला सांगतो, त्यात बी वाटेवर पडतं, खडकावर पडतं, काटेऱ्यांत पडतं. पाभरीने पेरणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला हे ऐकून हसू यावं. चाड्यावर मूठ धरलेली बाई दाणा न् दाणा मोजून सोडते. वाटेवर बी सांडणाऱ्याला तिने दोन शब्द सुनावले असते. पण तिकडे बी फोकून पेरत, झोळीतून मुठी उधळत जात. त्या पेरणीत थोडं बी वाया जाणं धरलेलंच असतं.

पाभरीचा विषय निघालाच आहे तर एक भांडणही मांडतो. पेरलेलं उगवतं, हे वाक्य कोरडवाहू मुलखात ऐकायला सोपं नाही. मृगाच्या पहिल्या पावसावर भरवसा ठेवून पेरावं, पुढे तीन आठवडे आभाळ कोरडं राहावं, आणि कोंब जळाल्यावर कर्ज काढून पुन्हा बियाणं आणावं, याला 'दुबार पेरणी' असा स्वतंत्र शब्द आपल्या भाषेत आहे. त्या माणसाला कॅलेंडरवरचं वचन दाखवायला माझी जीभ रेटत नाही. उत्तर म्हणून नव्हे, पण पत्रात एक गोष्ट दिसते ती सांगतो. पौल स्वतः त्या क्षणी दुबार पेरणीच करतोय. पहिली पेरणी परक्या उपदेशकांच्या उन्हात करपली आहे आणि हे अख्खं पत्र म्हणजे त्याच वावरात टाकलेलं दुसरं बी आहे.

म्हणूनच नवव्या वचनात सर्वनाम बदलतं. सातव्यात तो 'तुम्ही फसू नका' असा त्यांच्याकडे बोट करून बोलला. आठव्यात 'जो पेरतो तो' असा त्रयस्थ झाला. नवव्यात एकदम 'आपण' येतं. ज्याला बोलायचा अधिकार होता तो ऐकणाऱ्यांच्या पंक्तीत येऊन बसतो. उपदेश आणि उत्तेजन यांतला फरक मला तरी या एका सर्वनामात दिसतो.

त्या वचनातले दोन शब्द एकमेकांशेजारी ठेवून पाहावेत. चांगलं याला ग्रीक शब्द आहे 'कालोन'. नुसतं बरं नव्हे. देखणं, शोभणारं असं चांगलं. आणि लगेच येणारं क्रियापद 'एन्काकेओ', ज्याच्या आत 'काकोस', म्हणजे वाईट, लपलेलं आहे. कानाला हा खेळ चटकन कळतो: कालोन करता करता काकोस होऊ नका. चांगल्याच्या मागे लागलेला माणूस दमून आंबतो, चिडचिडा होतो, हे आपण घराघरांत पाहतो. वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेल्या सासूचं करणारी सून असो, रविवारच्या शाळेत तीसतीस वर्षं शिकवणारी बाई असो, करता करता एक दिवस जिभेला धार येते. मराठी बायबलात इथे 'कंटाळा' आहे. हा शब्द मला आधी हलका वाटायचा. कंटाळा काय, रविवारी दुपारीही येतो. आता वाटतं भाषांतरकाराने नेम बरोबर धरला. छळाने माणसं चांगुलपणा सोडतात त्याहून कितीतरी जास्त कंटाळ्याने सोडतात.

याच वचनातला आणखी एक शब्द 'एक्लुओ', म्हणजे सैल पडणं, ताण निघून जाणं. शुभवर्तमानात येशू तीन दिवसांच्या भुकेल्या लोकांना उपाशी पाठवायला तयार नसतो, कारण ते वाटेत गळून पडतील. तिथे हेच क्रियापद आहे. म्हणजे ही मनाची मरगळ नव्हे, हातपाय गळणं आहे. आपल्या बायबलात 'खचणे' आहे आणि तोही सुरेख आहे. विहीर खचते ती एका दिवसात खचल्यासारखी दिसते; पाणी मात्र आतून कधीपासून माती नेत असतं.

हा शब्द वाक्यात बसतो कसा, यावर जुना मतभेद आहे. आपण नेहमी वाचतो ते असं: न खचलो तर पीक मिळेल. ग्रीकमध्ये 'तर' असा सुटा शब्द नाही, नुसतं 'न खचता' आहे. त्यामुळे क्रिसोस्तोमसारख्या जुन्या ग्रीक भाष्यकारांनी निराळं वाचलं: आपण कापणी करू, आणि ती न थकता करू. शेतातल्या सुगीत घामाच्या धारा लागतात, कंबर मोडते. त्या कापणीत शीण नाही. वाचायला हे फार लोभस आहे. तरीही माझा कौल नेहमीच्या अर्थाला. वाक्याच्या पहिल्या अर्ध्यात कंटाळ्याची गोष्ट काढून दुसऱ्या अर्ध्यात पौल ती सोडून देईल असं वाटत नाही. दुखणं अजून पेरणाऱ्याच्या हातात आहे, कापणाऱ्याच्या नव्हे.

आता ज्या शब्दासाठी हा सगळा खटाटोप केला तो: 'कैरोस'. काळ, पण घड्याळातला नव्हे. योग्य वेळ, हंगाम. पीक कधी येईल? 'स्वतःच्या कैरोसात.' हा 'स्वतःचा' पिकाचा आहे, आपला नव्हे. मराठीत इथे 'यथाकाळी' आहे. आणि लगेच पुढच्या, दहाव्या वचनाच्या सुरुवातीलाच हा शब्द पुन्हा येतो: आपल्यापाशी कैरोस आहे तोवर सगळ्यांचं बरं करावं. मराठीत तिथे 'प्रसंग' हा शब्द आला. दोन वाक्यांत दोन वेगळे मराठी शब्द आले आणि पौलाने मारलेली गाठ सुटली. मूळ ऐकणाऱ्याच्या कानावर एकच शब्द लागोपाठ दोनदा पडला होता. पीक काढायला एक वेळ आहे, ती पिकाच्या ताब्यात. पेरायलाही एक वेळ आहे, ती आत्ता तुमच्या हातात आहे आणि निसटते आहे.

या दुसऱ्या कैरोसाला आपल्याकडे नेमका शब्द आहे: वाफसा. पाऊस पडून गेला, रान फार ओलं नाही, फार कोरडं नाही, मातीची मूठ वळते आणि बोटाने दाबली की फुटते. त्या दोनचार दिवसांत पेरलं तर पेरलं. वाफसा आल्यावर शेतकरी लग्नाचं आवतणही टाळतो. पहिल्या कैरोसासाठी सुगी, दुसऱ्यासाठी वाफसा, असे दोन शब्द शेजारीशेजारी ठेवले तर निदान वावर एकच आहे हे तरी कळेल. बायबलच्या भाषांतरात असे शब्द घ्यावेत की नाही, हे जाणकारांनी ठरवावं. वाचताना समासात लिहून ठेवायला कुणाची हरकत नसावी. माझ्या प्रतीत ते पेन्सिलीने लिहिलेले आहेत.

पीक आपल्या वेळेला येतं याचा मराठीतला दाखला द्यायचा तर मला केडगावच आठवतं. पंडिता रमाबाई दुष्काळातून आणलेल्या बायकामुलींचा सांभाळ करता करता हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि अख्खं बायबल मूळ भाषांतून सोप्या मराठीत आणायला बसल्या. खेड्यातल्या बाईला कळेल असं मराठी हवं, हा त्यांचा हट्ट. छापखाना त्यांच्या तिथल्या मुक्ती मिशनचाच. टाइप जुळवायला तिथल्याच मुली. नवा करार आधी निघाला, पण काम सतरा-अठरा वर्षं पुरलं. 1921 साली मुलगी मनोरमा गेली. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई गेल्या. संपूर्ण ग्रंथ छापून बाहेर पडला 1924 साली. गलतीकरांस पत्राचं हे नववं वचनही त्यांच्या हाताखालून गेलंच असणार.

एक अडचण राहते, ती टाळून रसग्रहण करणं बरं नव्हे. सबंध पत्रभर पौल हेच सांगत आला की देवाची कृपा कमावता येत नाही. मार्टिन ल्यूथरला हे पत्र याचसाठी एवढं प्रिय, की तो त्याला लाडाने आपल्या बायकोचं नाव देई. मग शेवटाला ही पेरणी-कापणीची भाषा कशी? आणि फळाची आशा न धरता कर्म करावं हे गीतेतून ऐकत वाढलेल्या मराठी कानाला तर पौल उघडच खटकतो. तो फळाचं वचन देतो, तेही न लाजता. मला इथे आपल्या शेतकऱ्याचं व्याकरण उपयोगी पडलं. तो 'यंदा मी पिकवलं' असं क्वचित म्हणतो. म्हणतो, 'यंदा पिकलं.' त्या वाक्यात कर्ता नाही. नांगरट, पेरणी, खुरपणी सगळी त्याची, आणि तरी पिकण्याचा कर्ता तो नव्हे. पौलानेही दुसरीकडे, करिंथकरांना लिहिताना, लावणारा मी, पाणी घालणारा अपुल्लोस, वाढ देवाची, अशी कामं वाटून दिली आहेत. मखमलीवरच्या वचनाला पदरी पडलेल्या पिकाचा आनंद आहे, पण पावती नाही. पदरात पडतं ते देणाऱ्याच्या हातून.

दहाव्या वचनाचा शेवट मला बरेच दिवस आवडत नसे. सगळ्यांचं बरं करा म्हटल्यावर 'विशेषतः विश्वासाच्या घराण्यातल्यांचं' ही पुस्ती कशाला? आपली माणसं आधी, हे सांगायला प्रेषित कशाला हवा? पण पाचव्या अध्यायात हीच घरची माणसं एकमेकांना चावून खात आहेत, असं पौलाने लिहून ठेवलंय. परक्याला पाणी देणं सोपं. जो मंडळीच्या सभेत काल आपल्यावर ओरडला त्याच्या दारात भाकरी घेऊन जाणं अवघड. 'विशेषतः' हा शब्द सवलत देत नाही, बोजा वाढवतो. आता तो मला पटतो, आवडतो असं मात्र अजून नाही.

आणि मग अकरावं वचन. इथपर्यंत लेखनिक लिहीत होता, असं बहुतेक अभ्यासक मानतात. पौलाच्या पत्रांत ती रीत होती आणि रोमकरांस पत्रात तर तर्तियस नावाचा लेखनिक स्वतःचा नमस्कारही घालतो. चांगुलपणाचं, सुगीचं, वाफशाचं बोलून झाल्यावर पौल लेखणी स्वतः हातात घेतो आणि म्हणतो, बघा, मी आपल्या हाताने केवढाल्या अक्षरांत लिहितोय. कुणी म्हणतात त्याची नजर अधू होती, कुणी म्हणतात जोर देण्यासाठी. पानावर बारीक, वळणदार अक्षरांच्या ओळी आणि खाली एकाएकी मोठी, ओबडधोबड अक्षरं, कष्टाच्या हाताची. समारोपात, शेवटून दुसऱ्या वाक्यात, तो विनवतो, यापुढे कुणी मला त्रास देऊ नये. थकू नका म्हणून सांगितल्याला जेमतेम सात-आठ वचनं झालेली असतात.

या पत्राला गलतियातून आलेलं उत्तर जपलं गेलेलं नाही. पण करिंथकरांच्या पहिल्या पत्राच्या शेवटच्या अध्यायात वर्गणी गोळा करण्याची रीत सांगताना पौल म्हणतो, गलतियातल्या मंडळ्यांना सांगितलं तसंच तुम्हीही करा. आणि नव्या करारात आणखी पुढे, पेत्राच्या पहिल्या पत्राच्या पहिल्याच वाक्यात, ज्या मुलखांतल्या विश्वासणाऱ्यांना ते धाडलं त्यांची यादी आहे. पाच नावं आहेत. दुसरं गलतिया.